सहाव्या नंबरची ओ

१० ऑगस्ट १९८०, रविवार

ठरलं! दसऱ्याच्या आधी साल्हेर. चार मुक्काम, पाच दिवस — आणि एकट्यानं.

माळ्यावरून सॅक काढली. सात वर्षांची धूळ! शिंकून शिंकून बेजार झालो. देवळाली कॅम्पाच्या बाजारातून आणलेली जुनी मिलिटरी सॅक, तिचा एक पट्टा उंदरांनी कुरतडलाय. दोर शाबूत आहे. आतल्या कप्प्यात शिट्टी, मेणबत्तीचं थोटूक आणि लिमलेटच्या चार गोळ्या सापडल्या. गोळ्या कागदासकट विरघळून दगड झाल्यात. त्या सावळीरामच्या. चढताना तोंडात गोळी असली की दम कमी लागतो, असं त्याचं शास्त्र. टाकून द्यायला उठलो आणि परत कप्प्यात ठेवून दिल्या.

तेव्हा आम्ही सातजण डोंगर चढायचो. प्रत्येकाला नंबर. वाळू आमचा पुढारी, एक नंबर. थांबा आला की तो ओरडायचा, "हजेरी!" मग पुढून मागं ज्यानं त्यानं आपला नंबर द्यायचा — एक, दोन, तीन. सावळीराम सहा. मी सात, म्हणजे शेपूट. शेपटाला काम एकच — आपल्या मागं कुणाला राहू द्यायचं नाही.

एवढं एकच काम होतं!

१२ ऑगस्ट, मंगळवार

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत जुन्या नकाशावर ट्रेसिंग कापड पसरलं आणि साल्हेरचा भाग उतरवून घेतला. अठरा वर्षं ट्रेसरची नोकरी केली — धरणं, कालवे, पाटचाऱ्या — स्वतःसाठी काढलेली ही पहिलीच रेघ. साहेब मागं येऊन उभे. "मोतीराम, हे कुठलं धरण?" म्हटलं, डोंगर आहे साहेब, रजेत चाललोय. "एकटेच? अहो लग्न करा, म्हणजे आपोआप डोंगर चढायला मिळेल!" सगळे हसले. मीही हसलो. एक्केचाळिसाव्या वर्षी या विनोदाला हसण्याची चांगली सवय झाली आहे.

आखणी अशी. पहिला दिवस — एसटीनं सटाणा, ताहाराबाद, मुल्हेर. किल्ल्याच्या माचीवर सोमेश्वराच्या देवळात मुक्काम. दुसरा — मोरागड करून खाली मुल्हेर गावात. तिसरा — चालत वाघांबे, कारण त्या बाजूला एसटीचा भरवसा नाही. चौथा — वाघांब्याहून साल्हेर-सालोट्यामधली खिंड, मग कातळातल्या पायऱ्यांनी वर, गुहेत मुक्काम. पाचवा — शिखर, आणि त्याच वाटेनं परत वाघांब्याला. तेव्हा जसं गेलो होतो अगदी तसंच. एक फाटा बदललेला नाही.

खिंडीपाशी पेन्सिलीनं बारीक फुली केली. मग खोडली.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनाहून आलो तर दारात कोंडाजीतात्या. सावळीरामचे वडील. रेल्वेत गँगमन होते, रिटायर होऊन सहा वर्षं झाली. पायात तीच टायरची चप्पल, हातात उकडलेल्या शेंगांची पिशवी. "जयभीम मोतीराम. घे, ऊन हायती." महिन्यातून एकदा येतात. शेंगा खायच्या, चहा घ्यायचा, आणि निघताना दारात उभं राहून एकच विचारायचं.

"मंग? मला साल्हेरला कवा नेतू?"

सात वर्षं! चतुराबाई — सावळीरामची आई — होत्या तोवर त्या मागून म्हणायच्या, "कशाला त्या पोराला तरास देता." सावळीरामपाठोपाठ त्याही वर्षभरात गेल्या. आता मागून कुणी बोलणारं नाही. एकदा मी पावसाचं कारण दिलं, एकदा रजेचं, एकदा ऑडिटचं. आज म्हणालो, तात्या, गुडघा धरलाय. त्यांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. "तीळतेल लाव," म्हणाले आणि गेले.

सॅक पलंगाखाली होती. मी पायानं आणखी आत सारली होती. अशी लाज वाटली!

१७ ऑगस्ट, रविवार

लिहून टाकतो. या वहीशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

७ ऑक्टोबर १९७३. दसऱ्याची सुट्टी जोडून गेलो होतो. साल्हेरच्या शिखरावरून परत फिरलो तेव्हा ढग उतरला. पाच हातांवरचा माणूस दिसेना, वर पाऊस. पायऱ्या शेवाळलेल्या. सावळीरामला दमा. त्याच्यानं हजेरीला धड ओ देववत नसे, छाती भात्यासारखी चालायची. म्हणून मीच त्याचा नंबर द्यायचो — "सहा-सात!" एका दमात. पोरं हसायची. वाळू दोनदा चिडलाही होता — "ज्याचा त्यानं द्या रे!" पण चालून जायचं. सावळ्या म्हणायचा, "मोत्या, माझा नंबर तुझ्याकडं गहाण." मला मोत्या म्हणणारा तो एकटाच. कुत्र्याचं नाव आहे म्हणून मी चिडायचो आणि तो मुद्दाम शीळ घालून बोलवायचा.

त्या पायऱ्यांवर तो थांबला. "तू हो पुढं मोत्या, लेस बांधून आलोच." मला थंडी वाजत होती. दातांवर दात आपटत होते. मी पुढं झालो. शेपूट पुढं झालं! खिंडीत सगळे जमले. ढगात वाळू ओरडला, "हजेरी!" एक, दोन, तीन, चार, पाच — आणि मी म्हणालो, "सहा-सात." सवयीनं. येईलच दोन मिनिटांत, असंच वाटलं. वाळूला तरी काय दिसणार होतं? "चला!" म्हणाला आणि सगळे निघाले. मी दोनदा मागं हाक मारली. वाऱ्यात ओ ऐकू आल्यासारखी वाटली. अंधार पडायच्या आत गाव गाठायचं म्हणून पळत सुटलो.

वाघांब्याच्या शाळेत पुढची हजेरी. पाचापर्यंत आली आणि थांबली. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

वाळूनं विचारलं, "शेवटचा कुठं होता?"

मी म्हणालो, "खिंडीत होता की. हजेरी दिली ना त्यानं."

घाबरून बोललो. पण एकदा बोललो ते बोललो. गावकऱ्यांना तेच, पोलीसपाटलांना तेच. म्हणून सगळ्यांनी दीड दिवस खिंडीच्या खालचं रान धुंडाळलं. मीही त्यांच्याबरोबर हिंडत होतो, त्याच्या नावानं ओरडत होतो. माहीत असून! दोनदा तोंडापर्यंत आलं होतं — वर बघा, वर. तिसऱ्या दिवशी लाकडं तोडणाऱ्या एका बाईला तो सापडला. खिंडीच्या वर, पायऱ्यांच्या बाजूच्या कड्याखाली.

कधी गेला, ते नक्की कुणाला सांगता आलं नाही. पडला तेव्हाच, की रात्रभर... याच्या पुढं मला लिहिता येत नाही.

म्हणून जायचंय. त्या खिंडीत उभं राहून एकदा मोठ्यानं खरं बोलायचंय. ऐकायला तिथं कुणी नसेल, तेच बरं. मी काही शूर नाही. तात्यांना सांगायची छाती नाही म्हणून डोंगराला सांगायला चाललोय.

२४ ऑगस्ट, रविवार

सराव. सॅकमध्ये आठ विटा भरून पांडवलेणी. पन्नास पायऱ्यांत जीव तोंडाला आला. एक म्हातारबा काठी टेकत माझ्या पुढं निघून गेले! वर एक कुटुंब डबा उघडून बसलं होतं. त्यातल्या बाईंनी विचारलं, "काय आहे एवढं पिशवीत?" विटा म्हणालो. "वर बांधकाम चाललंय का?" म्हटलं, नाही, परत खाली न्यायच्यात. त्या नवऱ्याच्या जवळ सरकून बसल्या.

उतरताना मधल्या वळणावर थांबलो आणि तोंडातून आपोआप निघालं — "सात." पुढं कुणी नाही, मागं कुणी नाही. फार एकटं वाटलं. घरी येऊन स्टोव्ह पेटवायचाही कंटाळा आला, शेव-मुरमुरे खाऊन झोपलो.

३१ ऑगस्ट

वाळूला भुसावळला पत्र टाकलं. येतोस का म्हणून विचारलं. बाकीचे चौघे कुठं पांगले त्याचा पत्ताच नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

वाळूचं कार्ड आलं. बायको नको म्हणते, मुलांच्या परीक्षा, वगैरे. खाली बारीक अक्षरात लिहिलंय — "सात वर्षांनी ते उकरून काय मिळणार? त्या दिवशी खिंडीत मी सातही आकडे माझ्या कानांनी ऐकले होते. पुढारी म्हणून माझं मन स्वच्छ आहे. तूही ठेव."

कार्ड तीनदा वाचलं. त्याचं मन माझ्या खोटेपणावर स्वच्छ राहिलंय. सुखी आहे बिचारा.

१४ सप्टेंबर, रविवार

गणपतीचे कर्णे बोंबलतायत. त्या गोंगाटात दार वाजलेलं कळलं नाही आणि तात्या सरळ आत आले. पलंगावर सगळा पसारा — सॅक, दोर, ॲल्युमिनियमचा टोप, बॅटरी, वर पसरलेलं ट्रेसिंग कापड.

बराच वेळ बघत राहिले. वाचता येत नाही त्यांना, पण डोंगराच्या रेघा बघून कळलं असावं.

"गुडगा बरा झाला?"

मी कापड गुंडाळायला लागलो.

"साल्हेर?"

"हो तात्या."

"आन् मला सोडून?"

मग जे फुटले! म्हणाले, अडतीस वर्षं मी रुळावर चाललो, रोज पाच-पाच मैल, उन्हापावसात, खांद्यावर टिकाव-पहार घेऊन. माझ्या पायाला काय धाड भरली? पोरगं माझं मेलं, आन् जागा बघायची तू एकट्यानं? मी म्हणालो, अवघड आहे, तुमचं वय सहासष्ट. "म्हंजी मरंल. मरू दे की! लय काय ऱ्हायलंय मागं?" शेंगांची पिशवी तशीच हातात घेऊन गेले. चहा कपात राहिला.

१५ सप्टेंबर

शेंगा घेऊन गेले परत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

२१ सप्टेंबर, रविवार

तात्या पुन्हा हजर. पायात नवे कॅनव्हासचे बूट! हातात काठी, काखेत घोंगडी. तोंडावर विजय. रोज सकाळी रुळाकडेनं देवळाली कॅम्पापर्यंत जाऊन येतात म्हणे, आठ दिवस झाले. "दम लागत नाय. पोटरी वाईच धरती, ती धरूंदे." पलंगावर बसून बूट काढले आणि टाचेवरचा फोड मला दाखवला, लहान मुलानं दाखवावा तसा.

आता नाही कसं म्हणू? आणि हो तरी कोणत्या तोंडानं म्हणू? त्या पायऱ्यांवर उभे राहून ते मला विचारणार — कुठून चुकला, कसा चुकला. तिथं मी पुन्हा तेच सांगणार का — खिंडीत होता, हजेरी दिली त्यानं?

सांगतो म्हणून तोंड उघडलं. "तात्या —" "काय?" "रविवारी रामशेजला जाऊ. सराव करायला."

असा मी.

२५ सप्टेंबर, गुरुवार

रजा मंजूर झाली. दहा ऑक्टोबरपासून. तात्यांना सकाळची सटाण्याची गाडी सांगून ठेवली.

२८ सप्टेंबर, रविवार

सांगून टाकलं.

आशेवाडीला एसटीतून उतरलो तेव्हा ऊन कोवळं होतं. तात्या रामशेजच्या पायऱ्या एका लयीत चढले. घाई नाही, थांबणं नाही. मी मागं, धापा टाकत. अर्ध्यावर गुहेपाशी बसलो. त्यांनी फडकं सोडलं — बाजरीची भाकरी, लसणाची चटणी. कुणाच्या हातची इतकी चांगली भाकरी मी कितीतरी दिवसांत खाल्ली नव्हती. विचारलं तर म्हणाले, "माझ्याच हातची. ती गेल्यावर शिकलो."

मग त्यांनी विचारलं, डोंगरावर तुमच्यात कायकाय नेम असत्यात? मी हजेरीचं सांगितलं. पुढून मागं, ज्याचा नंबर त्यानं.

"सावळ्याचा कंचा?"

"सहा."

"मंग माझा तोच." भाकरीचा तुकडा मोडला. "आमच्या गँगमधी बी हुतं असलं. गाडी यायच्या वक्ताला मुकादम वरडायचा — बाजू! आमी समदे रूळ सोडून कडंला. मंग ज्यानं त्यानं आपला हात वर करायचा. मुकादम हात मोजणार, तवा हिरवी झेंडी. एकदा मंगळूनं दोन हात वर केले. त्याचा जोडीदार बिडी पेटवत हुता ना, त्याचा बी ह्यानंच. कुणी मेलं नाय, काय नाय. गाडी गेली. पण मुकादमानं मंगळूला आठ दिस गँगीत घेतला नाय. म्हनला, ज्याचा हात त्यानंच वर करायचा. दुसऱ्याचा हात वर करणारा उद्या मानूस मारंल." आणि हसले. "चांगला मानूस हुता मुकादम."

माझ्या हातातली भाकरी हातात राहिली. यानंतर गप्प राहिलो असतो तर मी माणूसच नव्हतो. सगळं सांगितलं. लेस, थंडी, सहा-सात, शाळा, "हजेरी दिली ना त्यानं," दीड दिवस खालचं रान. एकही गोष्ट झाकली नाही. माझं मलाच ऐकू येत होतं, दुसरंच कुणी बोलत असल्यासारखं.

तात्यांनी फडकं गोळा केलं. गाठ मारली. सोडली, परत मारली.

मग एवढंच विचारलं, "रातभर जिता हुता का?"

"माहीत नाही, तात्या."

ते उठले आणि उतरायला लागले. मी मागं निघालो तर न वळता हात मागं करून मला थांबवलं. मी तिथंच बसून राहिलो. खाली आशेवाडीच्या वाटेवर ते ठिपक्याएवढे होईपर्यंत दिसत होते. फाट्यावर थांबले नाहीत. एसटी आली, गेली, तरी चालतच होते.

२९ सप्टेंबर

आले नाहीत. येणार नाहीतच.

२ ऑक्टोबर, गुरुवार

सुट्टी. दिवसभर घरात. सात वर्षं मनावर धोंडा होता, तो उतरवला की हलकं वाटेल असा हिशेब होता. कसलं हलकं? महिन्यातून एकदा एक माणूस माझ्या दारात यायचा, तोही गेला. सांगून मी काय मिळवलं? आणि न सांगता काय मिळवलं होतं — शेंगा!

वाळूलाही लिहिलं. सगळं. "तू ऐकलेल्या सातपैकी एक आकडा खोटा होता. तुझी चूक नव्हती, अजूनही नाही." पेटीत टाकलं आणि लगेच हात आत घालून काढावंसं वाटलं.

सामान बांधलं. तांदूळ, डाळ, तिखट-मीठ, गूळ, रॉकेलची बाटली. सगळं दोन माणसांचं निघालं. वाणसामान आणलं तेव्हा ते येणार होते. निम्मं परत डब्यात ओतलं.

५ ऑक्टोबर, रविवार

राहवेना. रुळापलीकडे त्यांच्या वस्तीत गेलो. दाराला कुलूप. शेजारच्या लंकाबाई तांदूळ निवडत होत्या. "म्हातारा व्हय? पाहाटंच लाइनीवर चालाया गेलाय. कुनाशी बोलंना झालाय. जेवाया बी वाढलं तर नाय म्हनला. तुमचं काय भांडान झालं का?"

नाही म्हणालो. भांडण झालं असतं तर किती बरं झालं असतं!

निघालो तर त्यांनी हाक मारली. "थांबा वो. तुमी आलात तर द्याया सांगितलंय." आतून वॉटरबॅग आणून दिली. सावळीरामची. खाकी कापडाची, बुचाला साखळी. डोंगरावरून त्याच्याबरोबर आली होती ती, सात वर्षं तात्यांच्या खुंटीला असायची.

"काही निरोप?"

"न्हाई. निस्ती द्या म्हनला."

म्हणजे काय समजायचं? वर नेऊन ठेव? की तुझी वस्तू तुला, आपला संबंध संपला? वाटभर विचार केला. घरी आणून धुतली, पाणी भरून ठेवलं. गळत नाही अजून.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. मुल्हेर, सोमेश्वराचं देऊळ

काय लिहू! सकाळी सीबीएसच्या एसटी स्टँडवर सटाण्याच्या गाडीत चढलो. सॅक टपावर टाकली, जागा बघत मागं सरकतोय, तर खिडकीशी तात्या. घोंगडी मांडीवर, काठी दोन्ही गुडघ्यांत. पायात कॅनव्हासचे बूट, आता चांगले मळलेले.

"तात्या!"

त्यांनी बाहेरच बघत सांगितलं, "तुज्यासंगं आलो न्हाय. म्या माज्या पोराकडं चाललोय. वाट तुला ठावं, म्हून ही गाडी."

शेजारची जागा मोकळी होती. बसलो नाही. चांदवड गेलं, तोवर उभाच. मग कंडक्टर ओरडला म्हणून टेकलो. सटाण्याला मी चहा आणला, त्यांनी दुसरा कप स्वतःच्या पैशानं विकत घेतला. मुल्हेरला गावातल्या एका आजीनं आम्हा दोघांना बघून विचारलं, "बाप-लेक शेतस का?" तात्या म्हणाले, "न्हाय."

माचीवर त्यांनी वेगळी चूल मांडली. तांदूळ त्यांनी स्वतःचे आणलेत.

११ ऑक्टोबर, शनिवार. मुल्हेर गाव

मोरागड झाला. मी पुढं निघालो तर ते थांबून राहिले. मी मागं झालो तेव्हा चालायला लागले. म्हणजे सहाची जागा त्यांची, सातची माझी. वाट चुकणार असली की मी मागून सांगायचं — "डावीकडं तात्या." ते डावीकडं वळतात. एवढंच बोलणं.

थांब्यावर मी हळूच म्हणालो, "हजेरी." मला वाटलं, ओ देतील. दिली नाही. सहा आल्याशिवाय सात म्हणता येत नाही. मीही गप्प बसलो.

१२ ऑक्टोबर, रविवार. वाघांबे

दिवसभर चाल. तात्यांच्या टाचेचा फोड फुटलाय, बुटातून रक्त दिसतंय. मलम पुढं केलं, घेतलं नाही. मी ते दगडावर ठेवून लांब जाऊन बसलो. मागं वळून पाहिलं तेव्हा लावत होते.

पाच थांबे झाले. पाच वेळा हजेरी म्हणालो. पाचही वेळा शांतता. एका वेळी तर वाटलं, आपणच म्हणून टाकावं — सहा! — म्हणजे पुढं तरी सरकेल. इतकी जुनी खोड! जीभ दाताखाली धरली.

गावात त्याच शाळेच्या ओट्यावर उतरलोय. ज्यांनी तेव्हा आमच्याबरोबर रान धुंडाळलं त्यातले एक बाबा आले, त्यांनी मला ओळखलं. "तो पोऱ्या खिंडमाच व्हता ना तवय?" तात्या माझ्याकडे बघायला लागले. तीन दिवसांत पहिल्यांदा.

मी म्हणालो, "नाही बाबा. तो वर राहिला होता. मी खोटं सांगितलं होतं. तुम्हाला चुकीच्या रानात हिंडवलं."

बाबा उठले. घरून तांब्याभर ताक आणून तात्यांच्या पुढं ठेवलं. मला दिलं नाही. तात्यांनी अर्धं पिऊन तांब्या माझ्याकडे सरकवला.

प्यायलो. रडू आलं, पण ओट्यावर माणसं होती.

१३ ऑक्टोबर, सोमवार. खिंड

ढग आहे. पाऊस नाही. पायऱ्यांच्या तोंडाशी तात्यांनी वॉटरबॅग मागून घेतली, खांद्याला अडकवली. "म्या एकला जातू. तू हितंच ऱ्हा." मी म्हणालो, शेपटानं मागं उभं राहायचं असतं, राहतो. ते ढगात दिसेनासे झाले. काठीचा आवाजही थांबला.

खूप वेळ. पुढं धावावंसं वाटलं, गेलो नाही. शेवटी सगळा जीव गोळा करून ओरडलो, "हजेरी!"

काहीच नाही. मी थांबलो. त्यांच्या वतीनं काही बोललो नाही.

मग वरून, थकलेल्या, फाटक्या आवाजात — "सहा."

मी "सात" म्हणालो आणि त्यांच्या मागं चढायला लागलो.